नौकेच्या तळातील झडपा आणि दर्यावरची दक्षता

(किनाऱ्यावरील गावांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नौका बुडाली असे कानी आले की मनुष्याच्या डोळ्यांसमोर प्रथम वादळ उभे राहते. उसळलेला दर्या, फाटलेले शीड, खडकावर आदळलेली नाळ, हेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. परंतु यंत्र बसविलेल्या नौकेला आणखी एक शत्रू असतो. तो बाहेरून चाल करून येत नाही, आवाज करीत नाही आणि वाऱ्यापावसाची वाटही पाहत नाही. नौकेच्या तळाला माणसानेच पाडलेल्या छिद्रांतून तो आत येतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी घेणारी नळी, पंख्याच्या दांड्याची नळी, तळातील पाणी बाहेर टाकणारा पंप आणि या सर्वांवरील झडपा म्हणजे व्हॉल्व्ह हे त्याचे मार्ग होत. शांत खाडीत, नांगरून ठेवलेल्या आणि माणूस नसलेल्या नौकेतही या मार्गांनी पाणी भरू शकते आणि सकाळी नाखव्याला पाण्यावर केवळ डोलकाठी दिसते.

या विषयाचा विचार वसई-विरारच्या किनाऱ्यावर करणे विशेष अगत्याचे आहे.

वसईचा किनारा

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा तीन पाण्यांनी वसईचा परिसर वेढलेला आहे. पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, येथे जहाजे बांधली जात. चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला. राजवट बदलली, तरी लाकूड आणि पाणी यांच्याशी असलेले येथील लोकांचे नाते कायम राहिले. पाचूबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा या कोळीवाड्यांतील हिंदू आणि ख्रिस्ती कोळी बांधव आजही डोल जाळ्याने बोंबील, करंदी, जवळा आणि अन्य जाळ्यांनी पापलेट पकडून उपजीविका करतात. वैतरणेच्या मुखाजवळील अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर वस्ती आहे, खाडीतील पाणजू बेटावर गाव आहे. तेथील ग्रामस्थांच्या ये-जा करण्याला होडीचाच आधार राहिला आहे. वसई आणि भाईंदर यांच्या दरम्यान २०२४ साली रो-रो फेरी सुरू झाली. तेव्हा पाण्यावरची सुरक्षितता हा एकट्या मच्छीमाराचा प्रश्न नव्हे. शाळेत जाणारा विद्यार्थी, बाजाराला निघालेली मासेविक्रेती भगिनी आणि कामावर जाणारा कर्मचारी या सर्वांचा तो प्रश्न आहे.

पूर्वी नौका वाऱ्यावर आणि वल्ह्यावर चालत, तेव्हा तिच्या तळाला मुद्दाम पाडलेले छिद्र नसे. पाणी येई ते फळ्यांच्या सांध्यांतून, आणि ते उपसणे हा रोजच्या कामाचाच भाग होता. १९५० नंतर ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर यांत्रिकीकरण झपाट्याने झाले आणि सातपाटीच्या नौका त्यासाठी नावाजल्या. इंजिनाने दूरचा दर्या जवळ आणला, हे खरेच आहे. मात्र त्याचबरोबर नौकेच्या अंगाला छिद्रेही आली. सांधे भरण्याची विद्या बापाकडून मुलाकडे येत होती. नळ्या आणि झडपा यांची विद्या मात्र इंजिनाबरोबर बाहेरून आली आणि ती घरोघर तितकीशी रुजली नाही. आजचा विषय या उणिवेचा आहे.

नौकेला किती छिद्रे असतात?

एखाद्या तांडेलाला हा प्रश्न विचारला, तर तो क्षणभर विचारात पडेल. सामान्य यांत्रिक मासेमारी नौकेत पाण्याच्या रेषेखाली वा तिच्या लगत पुढील मार्ग आढळतात.

पहिला मार्ग इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारा. यात तळाचे तोंड, त्यावरील झडप, गाळणी, रबरी नळी आणि पंप अशी साखळी असते. दुसरा मार्ग पंख्याच्या दांड्याचा. हा दांडा एका नळीतून बाहेर जातो आणि नळीच्या आतल्या तोंडाशी ग्लँड असते. तिच्यात चरबी लावलेल्या दोरीचे पॅकिंग भरलेले असते. तिसरा मार्ग सुकाणूच्या दांड्याचा, त्यालाही असेच पॅकिंग लागते. चौथा मार्ग तळातील पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या नळीचा. पाचवा, जेथे असेल तेथे, डेक आणि मासळी धुण्यासाठी पाणी ओढणाऱ्या पंपाचा. मोठ्या नौकांत याशिवायही काही असतात.

यांतील प्रत्येक मार्गावर समुद्र आणि नौकेचे पोट यांच्यामध्ये उभा असतो तो एखादा पितळी तुकडा, हातभर रबर किंवा चार वेढे दोरी. नौका सागवानाची असो वा फायबरची, तिचे बळ अखेर या दुव्यांइतकेच असते.

लहान छिद्र, मोठे पाणी

छिद्रातून किती पाणी येते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. तो हिशेबाने पाहिला म्हणजे दक्षतेचे महत्त्व पटते. पाणी आत येण्याचा वेग छिद्र पाण्याखाली किती खोल आहे यावर अवलंबून असतो आणि पाण्याचे प्रमाण छिद्राच्या क्षेत्रफळावर. पाण्याच्या रेषेखाली अर्धा मीटर असलेल्या २५ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण एक इंची, उघड्या छिद्रातून दर मिनिटाला सुमारे ५५ लिटर पाणी आत येते. तासाला ते तीन टनांहून अधिक होते. पंधरा लिटरची बादली घेऊन उपसणाऱ्या माणसाला मिनिटाला जवळजवळ चार बादल्या काढाव्या लागतील, आणि तेही न थांबता.

आता छिद्राचा व्यास दुप्पट, म्हणजे ५० मिलिमीटर झाला, तर पाणी दुप्पट न होता चौपट होते. मिनिटाला सुमारे २२० लिटर, म्हणजे पंधरा बादल्या. तेच छिद्र एक मीटर खोल असेल, तर आकडा ३१० लिटरांच्या घरात जातो, म्हणजे तासाला अठरा-एकोणीस टन. असे पाणी उपसून हटत नाही, ते मुळाशीच बंद करावे लागते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. ग्लँडमधून मिनिटाला एक लोटाभर, म्हणजे लिटरभर, पाणी गळत असेल तर कोणी घाबरत नाही. परंतु चोवीस तासांत तेच पाणी १,४४० लिटर होते. सणासाठी वा लग्नकार्यासाठी नौका तीन दिवस कोणी पाहिली नाही, तर तळात चार टनांहून अधिक पाणी साठते. पंपाच्या भरवशावर राहावे, तर पंप बॅटरीवर चालतो. गळती त्याने उपसली म्हणजे ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही, आणि बॅटरी उतरली की पंप थांबतो, पाणी थांबत नाही. शिवाय पंपावर लिहिलेली क्षमता ही पाणी वर चढवावे न लागता मोजलेली असते. प्रत्यक्षात नळीची उंची, वळणे आणि उतरती बॅटरी यांमुळे ती बरीच कमी भरते.

तळात पाणी साठले की दुसरा धोका सुरू होतो. हे पाणी एका जागी राहत नाही. नौका ज्या बाजूस कलते त्या बाजूस ते धावते आणि तिला आणखी कलवते. त्यामुळे पुरती भरण्याच्या कितीतरी आधी नौका उलटू शकते. पाणी बॅटरीपर्यंत पोचले की पंप, दिवे आणि बिनतारी संच एकदमच बंद पडतात, म्हणजे मदतीची गरज लागते त्याच घटकेला मदत मागण्याचे साधन नाहीसे होते.

बिघाड कोठून होतो?

पहिले कारण धातूचे. घरगुती नळाच्या दुकानात मिळणारी पितळी झडप स्वस्त असते आणि दिसायला चांगली असते. परंतु साध्या पितळेत तांब्याबरोबर जस्त असते आणि खाऱ्या पाण्यात हे जस्त हळूहळू निघून जाते. मागे राहते ते लालसर, सच्छिद्र आणि ठिसूळ तांबे. बाहेरून आकार तसाच दिसतो, मात्र एखाद्या दिवशी झडप फिरविताना ती हातात तुटून येते. म्हणून समुद्राच्या पाण्यासाठी कांसे, गनमेटल किंवा त्या कामासाठीच बनविलेल्या मिश्रधातूची झडप घ्यावी. चाकूच्या टोकाने खरवडून पाहिल्यास पिवळ्या रंगाऐवजी गुलाबी-लाल रंग दिसला, तर ती झडप तत्काळ बदलावी. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेल्यानेही एक धातू दुसऱ्याला खातो. तळाला जस्ताचे ठोकळे बसवितात ते झिजण्यासाठीच. ते झिजले नाहीत तर ते नीट जोडलेले नाहीत असे समजावे, आणि अर्धे झिजले की बदलावेत.

दुसरे कारण झडपेच्या प्रकाराचे. चाक फिरवून उघडझाप करण्याची झडप उघडी आहे की बंद, हे पाहून कळत नाही. तिच्या खाचेत वाळू वा शिंपला अडकला तर ती पुरती बंदही होत नाही. दांडीची झडप या दृष्टीने सोयीची असते. दांडी नळीच्या रेषेत असली की उघडी आणि आडवी असली की बंद, हे अंधारात हातानेही समजते. कोणतीही झडप महिनोन्‌महिने हलविली नाही तर ती जाम होते. आतून कालवे आणि खवले धरतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी ती उघडून-मिटून मोकळी ठेवावी.

तिसरे कारण नळीचे. इंजिनाच्या उष्णतेने आणि तेलाने रबरी नळी आधी फुगते, मग चिरते. तारेने आवळलेला सांधा गंजून सुटतो. समुद्राच्या बाजूच्या प्रत्येक सांध्यावर न गंजणाऱ्या दोन क्लिपा असाव्यात. इंजिनाजवळ घरगुती प्लॅस्टिकची नळी वापरू नये, ती उष्णतेने मऊ पडते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नळी पंपाच्या पुढे फुटली, तर समुद्राचे पाणी नौकेत ओतण्याचे काम नौकेचे इंजिनच करू लागते.

चौथे कारण ग्लँडचे. दांडा फिरत असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येणे आवश्यक असते, कारण त्यानेच पॅकिंग थंड राहते. काही ठिकाणी गळती नको म्हणून ती इतकी आवळली जाते की दोरी जळते आणि दांड्यावर चर पडतात. मग गळती अधिकच वाढते. थेंबाची धार झाली की नट समान आवळावेत, आणि आवळूनही धार राहिली तर दोरी बदलावी. इंजिन बंद असताना ग्लँड जवळजवळ कोरडी असली पाहिजे.

पाचवे कारण उलट्या ओढीचे, म्हणजे सायफनचे. पंपाची बाहेरची तोटी पाण्याच्या रेषेपासून जेमतेम वर असते. नौका बर्फ आणि मासळी यांनी भरली, किंवा एका बाजूस कलली, की तोटी पाण्याखाली जाते. पंप बंद झाला की नळीत राहिलेले पाणी मागे ओढले जाते आणि समुद्र त्याच वाटेने आत वाहू लागतो. उपाय सोपा आहे. नळी तोटीकडे नेण्यापूर्वी डेकखाली शक्य तितकी उंच वळवावी, त्या वळणाच्या माथ्यावर हवेचे तोंड ठेवावे आणि तोटी भरलेल्या नौकेच्याही पाण्याच्या रेषेपेक्षा पुरेशी वर असावी.

सहावे कारण या किनाऱ्यावर विशेष लागू आहे. येथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर चार-पाच मीटरपर्यंत जाते. ओहोटीला खाडीतील नौका चिखलात बसतात आणि एका कुशीवर कलतात. भरतीचे पाणी परत येते तेव्हा चिखल तळाला धरून ठेवतो. नौका उचलली जाण्यापूर्वीच पाणी खालच्या कुशीवर चढते आणि त्या बाजूस उघडे तोंड असले तर सरळ आत शिरते. याच चिखलाने पाणी घेण्याचे तोंड आणि गाळणीही बुजते. म्हणून खाडीत नौका ठेवताना झडपा बंद कराव्यात आणि शक्यतो उघडी तोंडे असलेली बाजू वर राहील अशा बेताने ती बसवावी.

उघाडीचा धडा

झडप म्हणजे काय हे वसईच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. खाडीकाठच्या खारबंदिस्तीला उघाडी असते. तिचे दार बाहेरच्या अंगाला टांगलेले असते. आतील पावसाचे पाणी वाढले की दार आपोआप उघडून पाणी खाडीत जाते आणि भरतीचे पाणी दाबू लागले की तेच दार मिटते. माणूस नसतानाही दार आपले काम करते. परंतु एखादे लाकूड किंवा दगड दाराच्या फटीत अडकला, तर एका उधाणात खारे पाणी शेतात पसरते आणि पीक जाते.

नौकेतील एकमार्गी झडप हीच उघाडी होय, आणि तिची दुबळी बाजूही तीच. चिंधी, लाकडाचा भुगा, मासळीचे खवले, जाळ्याचा धागा यांपैकी काहीही तिच्यात अडकले की ती उघडीच राहते. म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर नौका सोडू नये. ज्या नौकांत इंजिनाच्या पंपानेच तळातील पाणी ओढण्याची सोय केलेली असते, तेथे तर ही दक्षता दुप्पट हवी. कारण समुद्राकडची आणि तळाकडची अशा दोन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या, तर त्या दोहोंना जोडणारी नळी म्हणजे नौकेला पाडलेले भोकच ठरते. अशी जोडणी करताना एका वेळी एकच वाट उघडेल अशी तीन-तोंडी झडप बसवावी आणि तळाच्या बाजूस एकमार्गी झडप वेगळी ठेवावी.

मोठ्या जहाजांनी दिलेली किंमत

हा धोका फक्त लहान नौकांचा, असे कोणी समजू नये. ब्रिटिश नौदलाची थेटिस ही नवी पाणबुडी १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी बुडी मारत होती. पाणतीराच्या नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी एक बारीक तोटी होती. तिचे छिद्र रंगाने बुजलेले होते, त्यामुळे नळी कोरडी आहे असे वाटले. बाहेरचे दार उघडे असताना आतले दार उघडले गेले आणि समुद्र आत आला. पाणबुडीवरील १०३ जणांपैकी ९९ जणांचे प्राण गेले. रंगाचा एक थेंब या अनर्थाच्या मुळाशी होता.

अमेरिकेत मेअर आयलंडच्या गोदीत १५ मे १९६९ रोजी गिटारो नावाची बांधकामाधीन पाणबुडी धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच बुडाली. कामगारांचे दोन गट पुढच्या आणि मागच्या टाक्यांत पाणी भरत होते आणि एकाचे काम दुसऱ्यास ठाऊक नव्हते. तेथे समुद्र शांत होता आणि यंत्रेही ठीक होती. उणीव होती ती परस्परांना सांगण्याची. ब्रिटिश नौदलाचे एन्ड्युरन्स हे जहाज १६ डिसेंबर २००८ रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ समुद्राच्या पाण्याची गाळणी साफ करीत असताना संकटात सापडले. काम चालू असतानाच तळाची झडप उघडली गेली आणि इंजिनाची खोली पाण्याने भरली. सर्व माणसे वाचली, परंतु ते जहाज पुन्हा सेवेत आले नाही.

या तिन्ही घटनांत वादळ नव्हते. त्यांचा बोध लहानशा नौकेलाही लागू पडतो. तोंड मोकळे आहे याची खात्री करावी, कोणती झडप कोणी उघडली हे एकमेकांस सांगावे आणि गाळणी उघडण्यापूर्वी झडप स्वतःच्या हाताने बंद करून पाहावी. अर्नाळा किल्ल्याचे नाव धारण करणारी भारतीय नौदलाची आयएनएस अर्नाळा ही युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे सेवेत दाखल झाली. ज्या गावाचे नाव देशाच्या युद्धनौकेला मिळाले, त्या गावाच्या होड्यांतही अशीच शिस्त असावी ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

वर्षाचे आणि दिवसाचे नियम

राज्याच्या सागरी क्षेत्रात पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका वर ओढून शाकारल्या जातात. जाळी विणण्याचा आणि रंगरंगोटीचा हा काळ नळ्या आणि झडपा तपासण्याचाही असावा. या काळात प्रत्येक झडप सोडून साफ करावी, तळाच्या तोंडावरील कालवे खरवडावेत, रंग लावताना तोंड बुजणार नाही हे पाहावे, चिरलेल्या नळ्या बदलाव्यात, ग्लँडची दोरी नवी भरावी आणि जस्ताचे ठोकळे पाहावेत. लाकडी नौकेच्या फळ्या वाळून आकसलेल्या असतात, हेही विसरू नये. नौका पाण्यात लोटल्यावर पहिले एक-दोन दिवस तिच्यावर माणूस असावा आणि त्याने दर काही तासांनी तळ पाहावा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्यापूर्वी, तसेच ख्रिस्ती कोळीवाड्यांत नौकांसाठी प्रार्थना होण्यापूर्वी, हे काम पुरे झालेले असावे. श्रद्धा आणि दक्षता यांत विरोध नाही.

दर फेरीपूर्वी तांडेलाने तळाचे झाकण उघडून डोळ्यांनी पाहावे. तळात पाणी आढळले तर ते कोणते आहे हे ओळखावे. थंडगार आणि मासळीचा वास असलेले पाणी बहुधा वितळलेल्या बर्फाचे असते. कोमट पाणी इंजिनाच्या फिरत्या पाण्याच्या गळतीचे असते. इंजिन बंद असतानाही वाढत राहणारे पाणी बाहेरून येत असते, आणि त्याचा मार्ग सापडल्याशिवाय नौका हलवू नये. बर्फाचेच पाणी असेल असे समजून सोडून देणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रमाद आहे.

परतल्यावर नौका सोडण्यापूर्वी इंजिनाच्या पाण्याची झडप बंद करावी आणि तशी खूण म्हणून इंजिनाची चावी त्या झडपेच्या दांडीला अडकवावी. यामुळे दुसऱ्या दिवशी झडप उघडल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि पंपही कोरडा चालून जळत नाही. प्रत्येक झडपेशेजारी तिच्या तोंडाच्या मापाचे निमुळते लाकडी बूच दोरीने बांधून ठेवावे. त्याला लागणारा खर्च चहाच्या पेल्याइतका, पण ऐन वेळी ते सापडले तर नौका वाचते. तळाचा एक साधा आराखडा काढून, कोणती झडप कोठे आहे हे दाखवून, तो सुकाणूजवळ लावावा. नवा खलाशी आला की प्रथम त्याला या झडपा हाताने दाखवाव्यात.

पाणी शिरलेच तर

अशा वेळी क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालावीत आणि तांडेलाने बिनतारी संचावर १६ क्रमांकाच्या वाहिनीवर आपले ठिकाण सांगावे. दूरध्वनी लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. बॅटरी बुडण्यापूर्वीच हे करावयाचे असते. दुसऱ्याने पंप चालू करावा आणि तिसऱ्याने सर्व झडपा बंद कराव्यात. कोणती फुटली याचा शोध नंतर घ्यावा. पाणी थांबले तर दोष नळीत होता, न थांबले तर तो ग्लँडमध्ये किंवा फळीत आहे असा निष्कर्ष निघतो. झडपच तुटली असेल तर बूच ठोकून बसवावे. छिद्र एका बाजूस आणि पाण्याच्या रेषेजवळ असेल तर जाळी व बर्फ दुसऱ्या बाजूस हलवून ते पाण्यावर आणता येते. ग्लँड फुटल्यास तिच्याभोवती चरबी लावलेले कापड घट्ट आवळून इंजिन बंद किंवा अगदी मंद ठेवावे. माशांसाठी, जाळ्यांसाठी वेळ घालवू नये. पाणी हटत नाही असे दिसताच जवळच्या नौकेवर माणसे चढवावीत.

कोणी काय करावे?

हा विषय मच्छीमारावर सोपवून इतरांनी मोकळे होणे योग्य नाही.

शिक्षकांना यात विज्ञानाचा उत्तम पाठ आहे. एका डब्याला एक आणि दुसऱ्या डब्याला त्याच्या दुप्पट व्यासाचे छिद्र पाडावे, दोन्हींत समान उंचीपर्यंत पाणी भरावे आणि घड्याळ लावून गळलेले पाणी मोजावे. दुप्पट व्यासाचे चौपट पाणी मुलांना प्रत्यक्ष दिसेल. रबरी नळीने सायफन दाखवावा आणि नळीच्या माथ्याला टाचणीने भोक पाडून तो कसा तुटतो हेही दाखवावे. कोळीवाड्यातील मूल हा पाठ संध्याकाळी घरी नेईल आणि वडिलांच्या नौकेची तोटी कोठे आहे हे स्वतः पाहून येईल. पाठ्यपुस्तकातील ज्ञान गावाच्या उपयोगी पडण्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पंचायत सदस्यांनी आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी बंदरावर एक सामाईक, इंजिनावर चालणारा पंप ठेवण्याचा विचार करावा. तो नेहमी चालू स्थितीत असावा आणि त्याची जबाबदारी एका ठराविक माणसाकडे असावी. नौका नांगरलेल्या जागेवर पुरेसा उजेड आणि रात्रीची देखरेख असेल तर कललेली नौका वेळीच दिसते. झडपा, न गंजणाऱ्या क्लिपा, पॅकिंगची दोरी आणि लाकडी बुचे या वस्तू संस्थेच्या भांडारात डिझेल आणि बर्फाइतक्याच सहज मिळाव्यात. नळाच्या दुकानातील झडप नौकेला लागते ती पुष्कळदा योग्य झडप गावात मिळत नाही म्हणूनच. प्रवासी होड्यांच्या बाबतीत सकाळच्या पहिल्या फेरीपूर्वी तळ पाहिला अशी नोंद रोज वहीत करण्याची पद्धत घालता येईल. तळातील तेलकट पाणी खाडीत सोडले जाऊ नये, हाही पंचायतीच्या आस्थेचा विषय आहे. तिवरांच्या मुळांशी ज्या पाण्यात मासळीची पिले वाढतात, त्याच पाण्यात ते तेल जाते.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या आणि बंदर विभागाच्या कर्मचाऱ्यांचा नौकांशी वारंवार संबंध येतो. कागदपत्रे, जाळ्यांचे आस आणि जीवरक्षक साधने यांबरोबर त्यांनी तळाचे झाकणही उघडून पाहावे. मच्छीमारांच्या प्रशिक्षणात इंजिन आणि जाळी यांच्या जोडीने नळ्या व झडपा यांचा स्वतंत्र तास असावा. कोची येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने नौकांचे लाकूड आणि धातू यांच्या टिकाऊपणावर दीर्घकाळ काम केले आहे. ते ज्ञान मराठीत, चित्रांसह, बंदराच्या भिंतीपर्यंत पोचविणे हे प्रसारकार्य करणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

समारोप

एका नौकेत एका कुटुंबाची पुंजी, संस्थेचे कर्ज आणि पाच-सात खलाशांची वर्षाची मिळकत गुंतलेली असते. बुडालेली नौका वर काढली, तरी खाऱ्या पाण्यात राहिलेले इंजिन, बिनतारी संच आणि गेलेला हंगाम यांची भरपाई सहजी होत नाही. माणूस गेला तर भरपाईचा प्रश्नच उरत नाही. दर्याचा कोप माणसाच्या हातात नाही. तळातील झडपेची दांडी मात्र त्याच्या हाताच्या अंतरावर असते. ती फिरविण्यास एक क्षण लागतो, नळी बदलण्यास अर्धा दिवस आणि मुलांना हिशेब समजावून देण्यास शाळेचा एक तास पुरतो. वसईच्या किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने येत्या हंगामापूर्वी एवढे केले, तर वादळाशी झुंजण्याचे बळ त्याच्या नौकांत शिल्लक राहील आणि शांत पाण्यात नौका गमावण्याची पाळी कोणावर येणार नाही.